करून राहिलो आम्ही

जे वाक्य मी जन्मात बोलले नव्हते ते त्या दिवशी सकाळी मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. नऊ वाजले असतील. मी ओट्यापाशी शेंगदाण्याची चटणी कुटत होते आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पुनमनं बारा सेकंदांचं काहीतरी पाठवलं होतं. हात तिखटाचे, म्हणून करंगळीनं दाबलं, आणि फोनमधून मी म्हणाले, "सुरक्षिततेच्या कारणास्तव पुढील गावे रिकामी करण्यात येत आहेत." आवाज माझा होता, यात शंका नाही. चौतीस वर्षं मी एसटीच्या स्टँडवर माइकसमोर बसले आहे. माझा आवाज मी भोंग्यातून ऐकलाय, समोरच्या भिंतीवर आपटून परत येताना ऐकलाय, पोरं त्याची नक्कल करतात तेव्हाही ऐकलाय. 'कारणास्तव' म्हणताना मी जरा दम घेते, तोसुद्धा तिथं होता. पण हे वाक्य माझं नव्हतं. मी ते असं म्हटलंच नव्हतं. पुन्हा दाबलं, पुन्हा ती बाई तेच म्हणाली, तितक्याच शांतपणे. बाहेरच्या खोलीतून श्रीशैल, म्हणजे आमचे हे, ओरडले, "काय रिकामं करून राहिलीस गं सकाळी सकाळी? डबे का?" संसाराला अडतीस वर्षं झाली, पण यांनाही फरक कळला नाही.

कोणतं वाक्य आणि कसलं रिकामं ते सांगते. मी शिवगंगा, माहेर उदगीरचं, सासर लातूरचं. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीत बसून गाड्यांची नोंद ठेवायची आणि माइकवर गाड्या पुकारायच्या. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या आवाजाला घरात दोनच कामं उरली, यांना जेवायला बोलावणं आणि दूधवाल्याला थांबवणं. अशात एक दिवस पुनम दारात आली. मुखेडकडच्या शेतकऱ्याची पोरगी, एकोणतीस वर्षांची, केस कानापर्यंत कापलेले, नांदेडला राहून सिनेमा करते म्हणाली. यांना वाटलं वर्गणी मागायला आलीय. ती चहा न पिताच सुरू झाली, "मावशी, कॉलेजला होते तवा दर शनिवारी लातूरच्या स्टँडवर तुमचा आवाज ऐकून मुखेडची गाडी धरायची मी. तुमी दिसता कशा ते बी म्हाईत नव्हतं. तुमी म्हणल्या लागली, की आमी पळालोच. तुमी म्हणल्या रद्द, की आमी गुमान खाली बसलो. आमच्यातल्या एकीनं बी कधी इचारलं न्हाई की ही बाई हाय कोण. मला पिक्चरसाठी त्योच आवाज पायजे."

सिनेमाचं नाव 'सूचना संपली'. पुढच्या कुठल्या तरी काळातला आपलाच मराठवाडा त्यात आहे. राज्य कुणाचं ते कुणालाच माहीत नाही, नुसतं 'मंडळ' म्हणतात. मंडळाला चेहरा नाही, कचेरी नाही. गावोगावच्या खांबांवर भोंगे आहेत आणि भोंग्यांतून एक बाई सांगते की आज पाणी किती सुटेल, कुणाची शेती कुणाकडे गेली, कोणतं गाव उद्यापासून नकाशावर नसेल. त्या राज्यात एकच शब्द उच्चारायला बंदी आहे, 'कोण'. तो शब्द तोंडातून निघाला की माणूस नेलाच. "म्हणजे मी सरकार व्हायचं?" मी विचारलं. "हाव." "व्हिलन म्हण की." ती हसली. "व्हिलनपेक्षा भारी, मावशी. व्हिलनला तोंड असतंय." ती गेल्यावर हे म्हणाले, "जन्मभर सरकारचं तोंड होतीस, आता पेन्शनीतबी सरकारच." मी रागावले नाही. उलट आरशात पाहून एकदा सगळ्या गाड्या पुकारून बघितल्या, आवाज शाबूत आहे का ते.

नांदेडला तिच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून आम्ही आवाज भरला. मे महिना, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. दोघी घामानं निथळत होतो. मी सकाळपासून मंडळाच्या बेचाळीस सूचना वाचल्या. शेवटून तिसरी सूचना गावं रिकामी करण्याची होती. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी वाचलं, "सुरक्षिततेच्या कारणास्तव पुढील गावे रिकामी," आणि पुढे कागदावर 'करण्यात येत आहेत' असं स्वच्छ टाइप केलेलं असताना माझ्या तोंडातून निघालं, "करून राहिलो आम्ही." मी जीभ चावली. नोकरीचा पहिला दिवस सोडला तर चौतीस वर्षांत माइकवर घरची भाषा कधी येऊ दिली नव्हती. "चुकलं गं, पुन्हा घेते," म्हणाले. पुनमनं कानावरचे हेडफोन काढले आणि माझ्याकडे अशी बघत बसली की मला वाटलं उन्हानं मला काही झालंय की काय. "मावशी, काय म्हणल्या तुमी?" "चुकले म्हणलं ना. तोंडात आलं." ती म्हणाली, "न्हाई, आता पुन्हा घ्यायचं न्हाई. तुमी भाकर खावा." ते वाक्य आम्ही पुन्हा कधीच घेतलं नाही. त्यामुळं शुद्ध वाक्य या जगात नव्हतंच, त्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर येईपर्यंत.

त्या चुकीवरून तिनं अर्धा सिनेमा नव्यानं लिहिला. आधीच्या गोष्टीत भोंग्याचा खांब पाडून बंड सुरू व्हायचं. आता मुखेडचा आठवडी बाजार भरलेला आहे, माणसं मान खाली घालून सूचना ऐकत आहेत, आणि भोंग्यातली बाई म्हणते, "करून राहिलो आम्ही." बाजार थबकतो. इतकी वर्षं गावं रिकामी होत होती, पाणी बंद होत होतं, माणसं कमी होत होती, सगळं आपोआप, वळवाचा वारा सुटावा तसं. आज पहिल्यांदा कळतं की हे कुणीतरी करतंय, आणि ते करणाऱ्यांत आपल्याच बोलीची एक बाई बसलीय. मिरच्या विकणारी म्हातारी वर भोंग्याकडे बघते आणि मोठ्यानं विचारते, "कोण गं तू?" तो बंदीचा शब्द. तिथून बंड. म्हातारीचं काम केलं बाजारात खरोखरच मिरच्या विकणाऱ्या धोंडाबाईंनी. त्यांनी म्हणे कॅमेरा बंद झाल्यावरही भोंग्याला शिव्या देणं थांबवलं नव्हतं.

तर त्या सकाळी मी हात धुऊन पुनमला फोन लावला. "हे काय पाठवलीस?" ती भराभर बोलली. मुंबईच्या कंपनीनं सिनेमा घेतलाय, महाराष्ट्रभर चाळीस थेटरं देतात, पण ते एक वाक्य त्यांना चूक वाटतंय. बाकी सगळ्या सूचना शुद्ध आणि एवढीच गावठी, लोक म्हणतील डबिंगमध्ये घोळ झाला. म्हणून त्यांनी माझ्या बाकीच्या सूचनांवरून एआयनं माझा आवाज शिकून घेतला आणि वाक्य दुरुस्त केलं. "तुमचाच आवाज हाय, मावशी, दुसऱ्या कुणाचा न्हाई. फक्त कायद्यानं तुमची एक सही लागती. आज दोनला ते नांदेडला येऊन राहिले." मी विचारलं, "आन् सही न्हाई केली तर?" पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. आवाजाच्या धंद्यात जन्म गेलाय माझा, श्वासही ऐकू येतो मला. "तर थेटरं न्हाईत, मावशी." मग ती हळूच म्हणाली, "एकच वाक्य हाय. करून टाका." हे दाराशी उभं राहून ऐकत होते. "पिक्चरमधलं सरकार बाहेर आलं म्हण की," म्हणाले, आणि लगेच, "कर सही अन् ये परत संध्याकाळच्या आत. पोरीचं नुकसान नको."

दहाची लातूर-नांदेड धरली. खिडकीची जागा मिळाली. चाकूरपर्यंत मी नुसती रस्ता बघत होते, पण कानात ती बारा सेकंदं चालूच होती. मला राग कशाचा आला होता ते मला नीट सांगता येत नव्हतं. आवाज चोरला म्हणावं तर चोरला नव्हता, विचारत होते बिचारे. अपमान म्हणावं तर उलट दुरुस्तीच केली होती, आणि 'शिवगंगाबाई, शुद्ध बोला' हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात रडत रडत शिकलेच होते. तेव्हा मी चोवीस वर्षांची. माझी उदगिरी मराठी, निम्मा कानडी हेल, निम्मी दखनी. पहिल्या दिवशी मी माइकवर म्हणाले, "देगलूरची गाडी लागून राहिली," आणि आख्खा स्टँड हसला. साहेबांनी बोलावून समजावलं. भला माणूस होता, ओरडला नाही. म्हणाला, "बाई, माइकवर आपण काही करत नसतो. आपल्याकडून करण्यात येतं. गाडी सोडण्यात येते, थांबवण्यात येते, रद्द करण्यात येते. मी सोडतो, आम्ही थांबवतो, असं म्हणालात की लोक तुमच्या खिडकीवर येतील." मला ते इतकं पटलं की मी घरीही तसंच बोलायला लागले. एकदा यांना म्हणाले, "आज भाजी करण्यात आलेली नाही." हे म्हणाले, "बरं, मग उपास धरण्यात येईल."

त्या भाषेत एक सुख आहे, ते नाकारून चालणार नाही. त्यात करणारा नसतो, त्यामुळं कुणी चुकत नाही. मी दिवसाला दोनशे गाड्या पुकारल्या आणि त्यातली एकही मी सोडली नाही की अडवली नाही. मी फक्त सांगत होते. रुबाबही होता त्यात. बायका खिडकीतून डोकावून बघायच्या, हीच का ती बाई म्हणून, आणि मी मान न वळवता पुढची गाडी पुकारायची. आम्ही लिंगायत, गळ्यातलं शिवलिंग पदराखाली, समोर माइक, आणि शेकडो माणसं माझ्या एका वाक्यावर उठतात, एका वाक्यावर बसतात. सत्ता म्हणतात ती हीच असावी, थोडीशी, सुट्या नाण्यांएवढी. पुनमला मी हे कधी सांगितलं नाही, पण मंडळाचा आवाज काढायला मला फार कष्ट पडले नव्हते.

शिरूरच्या पुढे, अहमदपूर जवळ आलं तेव्हा मला दगडोबा आठवला. खरं म्हणजे त्याला मी सकाळपासून टाळत होते. मी तेव्हा ज्या तालुक्याच्या स्टँडवर होते त्याचं नाव सांगत नाही. कुणाच्या तरी सभेला माणसं न्यायला आमच्या सतरा गाड्या गेल्या होत्या, आणि मी सकाळपासून एकच पुकारत होते, "काही अपरिहार्य कारणास्तव देवणीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे." खिडकीवर एक माणूस आला. साठीचा, डोक्याला पागोटं, हातात नवी कोरी वेसण. देवणीच्या बैलबाजारात त्याचा बैल प्रदर्शनात उभा होता, पोरगा घेऊन पुढे गेला होता, आणि दुपारी नंबर लागायचा होता. बारा वर्षं ज्यानं तो बैल पाळला तो इथं अडकलेला. त्यानं मला विचारलं, "बाई, कोन केलं रद्द?" मी म्हणाले, "रद्द करण्यात आलीय." "ते ऐकलो. कोन केलं?" "वरून आदेश आहे." "वरचं नाव काय?" मी माइककडे तोंड फिरवून दुसरी गाडी पुकारली. तो गेला नाही. खिडकीच्या बाजूला सरकून उभा राहिला आणि दर वेळी मी 'रद्द करण्यात आली आहे' म्हणाले की शांतपणे म्हणायचा, "कोन केलं?" भांडण नाही, शिवी नाही. चार तास. चौथ्या तासाला लोक हसायचे थांबले होते. मला माहीत होतं कोणी केलं. नाव माहीत होतं, हुद्दा माहीत होता, आणि वहीत त्या रद्दचा शेरा माझ्याच अक्षरात होता. संध्याकाळी निघताना तो मला म्हणाला, "नाव दगडोबा हाय माझं. मी सांगून चाललो. तुमी न्हाई सांगितला." त्याच्या बैलाचं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

आता कुणी म्हणेल की आवाज भरताना मला दगडोबा आठवला आणि म्हणून जीभ घसरली. सिनेमा दाखवला त्या दिवशी एका पत्रकारानं असलंच काहीतरी मला विचारलं होतं. छान वाटलं असतं हो म्हणायला. पण खोटं कशाला सांगू, मला तेव्हा दगडोबा आठवला नव्हता, भूक लागली होती. भुकेलं माणूस घरच्या भाषेत बोलतं, एवढंच. माझ्यात शौर्य असतं तर ते त्या चार तासांत दिसलं असतं. चूक मात्र माझी होती, पूर्ण माझी, कुणाच्या आदेशावरून केलेली नाही. बसमध्ये बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की चौतीस वर्षं अधिक बेचाळीस सूचना एवढ्या सगळ्या बोलण्यात, पहिल्या दिवशीची देगलूरची गाडी सोडली तर, मी स्वतः बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं. आणि मुंबईच्या लोकांना नेमकं तेच पुसायचं होतं.

लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली. तिथल्या भोंग्यातून रेकॉर्ड केलेली बाई गाड्या पुकारत होती, गोड, कुठल्याही गावची वाटावी अशी. शेजारच्या सीटवरची बाई लेकराला केळं सोलून देत होती. मला नांदेडच्या त्या कॉलेजातला हॉल आठवला, जिथं दोन महिन्यांपूर्वी पुनमनं सिनेमा पहिल्यांदा दाखवला. तीनशे माणसं. मी तिसऱ्या रांगेत, हे शेजारी, नवं धोतर नेसून. पडद्यावर माझा आवाज सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये सगळे ताठ बसले. मला वाईट वाटलं, मला घाबरतायत म्हणून, आणि आतून थोडं बरंही वाटलं. मग तो बाजार आला. "पुढील गावे रिकामी," मी डोळे मिटले, लाज वाटली म्हणून, "करून राहिलो आम्ही." मग मागून कुठून तरी एक माणूस उभा राहून ओरडला, "आपलीच हाय रे ही!" आणि सगळा हॉल उठला. टाळ्या म्हणता येणार नाही त्याला, काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. कुणी रडत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं, आणि पुढे पडद्यावर धोंडाबाई "कोण गं तू" म्हणाल्या ते कुणाला ऐकूही गेलं नाही. यांनी माझा हात धरला. भर सभेत यांनी हात धरल्याचं मला लग्नानंतर आठवत नाही. आपलीच. तो शब्द माझ्या मनाला लागला होता, दोन्ही बाजूंनी. आपली म्हणून अभिमान, आणि आपली असून तिकडे बसलेली म्हणून चपराक.

पण पोरीचं काय? सोनखेड मागे पडलं, विष्णुपुरी दिसू लागली, आणि माझी हिंमत पातळ होत गेली. तीन वर्षं तिनं या सिनेमाला दिली. बंद पडलेल्या जिनिंगच्या कारखान्यात शूटिंगसाठी ती उन्हात उभी राहिली, लग्नाची दोन स्थळं त्यापायी मोडली, आई तिच्याशी बोलत नाही. चाळीस थेटरांत लोकांनी बघावं म्हणूनच केलं ना तिनं? एका क्रियापदासाठी मी ते बुडवू? मी कोण लागून गेले? चोविसाव्या वर्षी मी नोकरीसाठी माझी आख्खी बोली गिळली, मग आता म्हातारपणी हे नखरे कशाला? वडील, पंचाक्षरीआप्पा, असते तर काय म्हणाले असते याचा विचार करून पाहिला. उदगीरला किराणा दुकान होतं त्यांचं. सकाळी डाव्या तळहातावर शिवलिंग घेऊन पूजेला बसायचे, मध्ये पुजारी नाही, कुणी नाही. लहानपणी मी विचारलं होतं की देवळातल्यासारखा पुजारी का नाही आपल्याला, तर म्हणाले, "आपला हात हाय की." पण ते देवाचं झालं. सिनेमाच्या कागदाबद्दल आप्पा काही बोलून गेले नव्हते. स्टँडवर उतरले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. पोरीसाठी सही करायची आणि तीनची परतीची गाडी धरायची.

पुनमच्या खोलीत वाकळा अजून टांगलेल्या होत्या. ती दारात उभी होती, डोळे सुजलेले, पण मला बघून हसली. आत मुंबईचे गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, नीटनेटके, बोलायला गोड. माझ्या पाया पडायला वाकले, मी नको म्हणाले. "तुमच्या आवाजानं काटा आला अंगावर," म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मग त्यांनी समजावलं. "बाई, इथं लोकांनी त्या वाक्यावर जीव टाकला, मान्य. पण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हसतील. आणि नेमक्या त्या क्षणी प्रेक्षक हसला तर सिनेमा तिथंच मेला." मला हे खरं वाटलं. स्टँड हसलेला मी ऐकलेला आहे. ते पुढे म्हणाले, "आणि अर्थ तर तोच राहतो ना? गावं रिकामी होतातच." मी म्हणाले, "तोच कसा? करण्यात येत आहेत म्हणलं की कोण करून राहिलं ते कळत न्हाई." ते हसले. "ते प्रेक्षकाला कळतंच. मंडळ करतंय." "मग मंडळाला सांगू द्या की." त्यांनी पुनमकडे पाहिलं. पुनम खाली बघत म्हणाली, "मावशी, तुमच्या मनावर हाय. मी जोर करत न्हाई." मी म्हणाले, "आणा कागद."

कागद एकच होता, मराठीत, वर कंपनीचा शिक्का. मी चष्मा लावला. कागद वाचायचा म्हणजे मोठ्यानं, ही माझी खोड आहे, नोकरीची. मी वाचलं, "सदर चित्रपटातील ध्वनिमुद्रित आवाजाचा वापर करून त्यात आवश्यक ते शब्दबदल करण्यास याद्वारे परवानगी देण्यात येत आहे." वाकळांच्या त्या खोलीत माझा आवाज घुमला नाही, अगदी स्वच्छ पडला. आणि मला घाम फुटला, कारण ते वाक्य माझ्या आवाजाला फार शोभत होतं. जसं काही मी जन्मभर त्याचीच तालीम केली होती. मी पुन्हा वाचलं. परवानगी देण्यात येत आहे. मी मुंबईच्या गृहस्थांना विचारलं, "कोण देऊन राहिलं?" "अं?" "परवानगी. यात कोण देऊन राहिलं?" ते म्हणाले, "तुम्हीच की. खाली सही तुमची." मी म्हणाले, "सही खाली हाय. वाक्यात मी कुठं हाय?" ते बिचारे खरोखरच कागदात शोधू लागले. मला त्यांची दया आली. त्यांनाही कुणीतरी वरून हा मजकूर दिला असणार.

मी पेन मागितलं. पुनमनं डोळे पुसले आणि पेन दिलं. दोघांनाही वाटलं, म्हातारीचा वितंडवाद घालून झाला, आता ती सही करते. मी पट्टी नसताना सरळ रेघ मारू शकते, चौतीस वर्षं वह्यांत रद्दचे शेरे मारलेत. मी ते आख्खं वाक्य एका रेघेत खोडलं आणि वर लिहिलं, 'मी परवानगी देत नाही.' घरच्या बोलीत 'देऊन राहिले' वगैरे लिहिता आलं असतं, पण कागदाला लिहायची मराठी वेगळी असते हे मला मान्य आहे. त्यात मी होते, तेवढं पुरे. गृहस्थ म्हणाले, "बाई, याचा अर्थ या मुलीचा सिनेमा अडकतो, हे लक्षात आहे ना?" आवाज अजून गोडच होता. मी म्हणाले, "हाय. मीच अडवून राहिले. पुनम, बोल मला काय बोलायचं ते, मी ऐकून घेते." दगडोबासमोर जे मला चार तासांत जमलं नाही ते आता एका पोरीच्या तीन वर्षांवर पाय देऊन मी करत होते, आणि हे बरोबर आहे की नुसता हट्ट आहे, मला ठरवता येत नव्हतं.

पुनम पुढे सरकली. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं, कागद आपल्याकडे ओढला आणि त्यावर वाकली. मला वाटलं माझं वाक्य खोडते. तिनं फक्त 'मी' खोडला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'आम्ही' लिहिलं, आणि खाली, माझ्या सहीसाठी ठेवलेल्या जागेच्या बाजूला, जिथं जागा नव्हती तिथं, आपलं आख्खं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, गावासकट. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचा, मावशी," म्हणाली, "माइकवरच्यासारखं." मी वाचलं. नंतर ती मला म्हणाली की थेटरं मिळाली नाहीत तर गावोगावच्या बाजारांत दाखवू. मिळतील की नाही, लोक हसतील की उठतील, मला काही माहीत नाही. पण वाचताना मला इतका अभिमान वाटला की मी वाक्यानंतर लगेच, कुणी न विचारता, माझं नाव सांगितलं.